सनशाईन सिटी, एव्हरशाईन सिटी

बॉब मार्लेचा टी-शर्ट आमच्या एव्हरशाईन सिटीत कुठल्याही संध्याकाळी दिसतो. टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या अंगावर, चहाच्या टपरीवर, वसई स्टेशनकडे निघालेल्या शेअर रिक्षात. काळं कापड, त्यावर जटा, धुरामागचा चेहरा आणि लाल-पिवळा-हिरवा पट्टा. हा टी-शर्ट घालणाऱ्यांनी मार्लेची किती गाणी ऐकली आहेत, असा टोमणा मला मारायचा नाही. कपडा घालायला परीक्षा द्यावी लागत नाही. मला प्रश्न वेगळा पडतो. एका छोट्या बेटावरच्या गरीब वस्त्यांचं संगीत फॅशन, खेळ आणि धंद्याच्या वाटेनं थेट वसई पूर्वेपर्यंत आलं. त्यातलं नेमकं काय आलं आणि काय वाटेत गळालं?

आधी थोडी ओळख. रेगे हे साठच्या दशकाच्या शेवटी जमैकात तयार झालेलं संगीत. ठेका संथ, बेस जड, गिटार सम सोडून मधल्या मात्रेवर वाजणारी, शब्दांत गुलामीची आठवण आणि रास्ताफारी श्रद्धा. डान्सहॉल हे त्याचं धाकटं भावंड. ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुढे आलं, जास्त वेगवान, जास्त उद्धट. त्यात बाई-पुरुष, बंदूक, कपडे, पैसा, शेजाऱ्याशी भांडण असं सगळं येतं. शॉन पॉल तुम्ही ऐकला असेल, तर तुम्ही डान्सहॉल ऐकलंय.

आपल्यापर्यंत आलेल्या मार्लेबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. तो 11 मे 1981 रोजी, वयाच्या 36व्या वर्षी, मृत्युपत्र न करता गेला. त्यानंतर तीन वर्षांनी, 1984 मध्ये, 'लेजेंड' नावाचा निवडक गाण्यांचा अल्बम आला. तो आयलंड रेकॉर्ड्सच्या डेव्ह रॉबिन्सननं जुळवला. गोऱ्या, मध्यमवर्गीय श्रोत्याला मार्ले घरात घ्यावासा वाटला पाहिजे, हा त्यामागचा स्पष्ट हिशोब होता. म्हणून क्रांतीची, जळजळीत राजकारणाची गाणी बहुतेक बाजूला राहिली आणि प्रेम, ऊन, समजूत घालणारी गाणी पुढे आली. या अल्बमच्या अडीच कोटींहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे जगानं ज्याला मार्ले म्हणून ओळखलं, तो बराचसा एका विक्रीतज्ज्ञाचा मार्ले आहे. आपल्या टी-शर्टवर तोच छापलेला असतो.

खाडीपलीकडचं गाव

जमैका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नारळ, निळं पाणी आणि हातात ग्लास येतो. पर्यटन मंडळानं आणि दारूच्या जाहिरातींनी हे चित्र पक्कं केलंय. पण डान्सहॉल समजून घ्यायचं तर किनारा सोडून पोर्टमोर पाहायला हवं.

पोर्टमोर हे राजधानी किंग्स्टनच्या बाजूला, पाण्यापलीकडे वसलेलं उपनगर. पूर्वीची सखल, दलदलीची जमीन. साठ-सत्तरच्या दशकांपासून बिल्डरांनी तिथे एकसारख्या छोट्या घरांच्या वसाहती उभारल्या. किंग्स्टनमध्ये घर परवडत नाही, म्हणून नोकरदार तिकडे गेले. सकाळी पाणी ओलांडून शहरात जायचं, रात्री परत यायचं. 2006 मध्ये खाडीवर नवा टोल रस्ता झाला, तेव्हा कामावर जाण्यासाठी टोल का भरायचा म्हणून लोक चिडले. 2003 पासून त्याला स्वतःची नगरपालिका आहे. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 1 लाख 80 हजार माणसं होती.

ओळखीचं वाटतंय ना? वसई खाडीचा पूल, विरार फास्ट, मिठागरांच्या शेजारी उठलेल्या इमारती, मुंबईत न परवडलेलं घर इथे बुक करणारे आईबाप. आमची वसई-विरार महापालिका 2009 ची आणि 2011 ची लोकसंख्या 12 लाखांवर. आकडे मोठे, पण जगणं त्याच जातीचं. आता शेवटची गंमत: पोर्टमोरचं लाडकं नाव 'सनशाईन सिटी' आहे.

या सनशाईन सिटीतल्या वॉटरफर्ड भागात वायब्ज कार्टेल वाढला. गेल्या वीस वर्षांतला हा डान्सहॉलचा सर्वांत मोठा आणि सर्वांत वादग्रस्त गायक. त्याच्या गटानं आपल्या वस्तीला 'गाझा' हे नाव लावलं. प्रतिस्पर्धी मावाडो किंग्स्टनच्या कसावा पीसमधला, त्याच्या गटाचं नाव 'गली'. जमैकात 'गली' म्हणजे वस्तीतून जाणारा काँक्रीटचा नाला. गाझा विरुद्ध गली हे भांडण शाळांच्या वर्गांपर्यंत पोचलं आणि डिसेंबर 2009 मध्ये पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग यांना दोघांना बोलावून घ्यावं लागलं. कार्टेलला पुढे 2014 मध्ये खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं मार्च 2024 मध्ये ती रद्द केली आणि 31 जुलै 2024 रोजी तो सुटला.

मी त्याला नायक करत नाहीये. त्याच्या अनेक गाण्यांत बायकांबद्दल आणि हिंसेबद्दल जे आहे ते ऐकवत नाही. मुद्दा एवढाच, की डान्सहॉल हे सुट्टीवर आलेल्यांचं संगीत नाही. ते रोज पाणी ओलांडून कामाला जाणाऱ्यांच्या पोरांचं संगीत आहे. आपल्यापर्यंत किनारा आला, पोर्टमोर आलं नाही. खरं तर आपलं जास्त नातं पोर्टमोरशीच होतं.

एक चाल, पन्नास गाणी

जमैकन संगीताचा पाया आहे साऊंड सिस्टीम: ट्रकवर किंवा मोकळ्या जागेत रचलेली स्पीकरची भिंत, एक रेकॉर्ड लावणारा आणि एक माईकवर बोलणारा. ज्यांना क्लबात प्रवेश नव्हता, रेडिओवर जागा नव्हती, त्यांनी रस्त्यालाच सभागृह केलं. गणपती विसर्जनाला किंवा 14 एप्रिलला डॉल्बीच्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. छातीत बेस बसतो तेव्हा काय होतं, हे आपण वाचून शिकलेलो नाही.

कायद्याची गोष्टही तशीच. जमैकात 1997 चा ध्वनिनियंत्रण कायदा आहे. एरवी मध्यरात्री आणि शनिवार-रविवारी पहाटे दोनला आवाज बंद. आपल्याकडे 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम, रात्री दहाला बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. दोन्हीकडे तक्रार खरी असते. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला झोप हवीच. पण दोन्हीकडे हेही खरं, की कुणाचा आवाज उत्सव ठरतो आणि कुणाचा उपद्रव, हे फक्त डेसिबलवर ठरत नाही.

दुसरी गोष्ट 'रिडीम'ची. डान्सहॉलमध्ये निर्माता एक वाद्यमेळ तयार करतो आणि त्याच एका वाद्यमेळावर दहा-वीस-पन्नास गायक आपापली गाणी चढवतात. बाहेरच्यांना हे चोरीसारखं वाटतं. आपल्याला वाटू नये, कारण मराठीत यासाठी साधा शब्द आहे: चाल. एका चालीवर अभंग, त्याच चालीवर पाळणा. सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर भीमगीत. शब्द नवे, चाल सगळ्यांची.

2002 मध्ये स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेननं केलेल्या अशाच एका रिडीमचं नाव होतं 'दिवाली'. टाळ्यांच्या ठेक्यावर चालणारा. शॉन पॉलचं 'गेट बिझी' त्यावरच आहे आणि 2003 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. वेन वंडरचं 'नो लेटिंग गो'सुद्धा त्यावरच. जमैकात हे नाव परकं नव्हतं. 1845 ते 1917 या काळात सुमारे 36 हजार भारतीय मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. 'गांजा' हा शब्द तिथे त्यांच्यासोबत गेला. रास्ताफारी पंथाच्या पहिल्या प्रचारकांपैकी लेनर्ड हॉवेलनं तीसच्या दशकात आपली पुस्तिका 'गंगुनगुरू मराघ' अशा नावानं छापली. त्यात 'गुरू' आणि 'महाराज' स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे आपण टी-शर्टवर जे आयात करतो, त्यात आपल्याच गिरमिटियांचा वाटा आहे.

धंद्याच्या बाजूनं मात्र रिडीम निष्पाप नाही. 1972 च्या 'द हार्डर दे कम' या जमैकन सिनेमात जिमी क्लिफनं खेड्यातून शहरात आलेल्या गायकाचं काम केलंय. त्याला गाण्याचे वीस डॉलर मिळतात, बाकी सगळं निर्मात्याचं. 'गली बॉय' आवडलेल्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा. आपल्या सिनेमात शेवटी टाळ्या पडतात. तिथे शेवट गोळ्यांनी होतो, कारण गाणं गाजून गायकाच्या खिशात काहीच आलेलं नसतं.

पायातले बूट, मनगटावरचा पट्टा

फॅशनवर जमैकाचा प्रभाव म्हणजे फक्त तीन रंग आणि जटा नव्हेत. त्यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट क्लार्क्सची. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या या सभ्य कंपनीचे सुएडचे बूट जमैकातल्या गल्लीतल्या पोरांनी आपलेसे केले. ज्या देशानं गुलाम केलं, त्याच देशाचे बूट, पण घालायची पद्धत आपली. सत्तरच्या दशकात पायात क्लार्क्स दिसले की पोलिसांना संशय यायचा, असे किस्से तिथले गायक सांगतात. 2010 मध्ये कार्टेलनं या बुटांवर गाणं केलं आणि बेटावर त्यांची मागणी भडकली. कंपनीनं मागितलेली नव्हती अशी जाहिरात तिला फुकटात मिळाली.

दुसरं उदाहरण तुमच्या इन्स्टाग्रामवर आहे. आदिदासचे सांबा बूट गेल्या काही वर्षांत अचानक सगळ्यांच्या पायात आले. त्यांना फॅशनच्या जगात नव्यानं आणण्यात लंडनच्या ग्रेस वेल्स बॉनर या डिझायनरचा वाटा मोठा आहे. तिचे वडील जमैकन वंशाचे. 2020 मध्ये आदिदाससोबत तिचं काम सुरू झालं, तेव्हा तिच्यासमोर सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या लंडनमधली जमैकन मुलं होती. ती नटूनथटून घरगुती पार्ट्यांना जायची. 2023 मध्ये तिनं जमैकाच्या फुटबॉल संघाची जर्सी केली. वसई स्टेशनबाहेर मिळणारी सांबाची नक्कल ही त्या पोरांच्या शनिवार रात्रीची नातवंडं आहेत.

तीन रंगांकडे वळू. लाल, पिवळा, हिरवा हे इथिओपियाच्या झेंड्याचे रंग. वसाहतवाद्यांपुढे टिकून राहिलेलं आफ्रिकी राज्य म्हणून काळ्या माणसांना त्याचं अप्रूप. हे रंग क्रिकेटच्या मैदानात आणले व्हिव्ह रिचर्ड्सनं. तो जमैकाचा नाही, अँटिगाचा. 1974-75 च्या भारत दौऱ्यात त्यानं कसोटी पदार्पण केलं. त्याच दौऱ्यात वानखेडेवर पहिली कसोटी झाली आणि क्लाईव्ह लॉईडनं नाबाद 242 केल्या. पुढे रिचर्ड्सच्या मनगटावर लाल-पिवळा-हिरवा पट्टा दिसू लागला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला त्याला प्रचंड रक्कम देऊ केली गेली, तेव्हा त्यानं नाही म्हटलं.

त्या पट्ट्याला किंमत होती, कारण तो बांधणाऱ्यानं ती मोजली. आपल्या पट्ट्याची किंमत स्टेशनवर दोन रबरी ब्रेसलेटांच्या भावात ठरते. म्हणून तो बांधू नये असं मी म्हणत नाही. दोन्हींत फरक आहे, एवढं ठाऊक असावं.

नाच दिसला, गणवेश दिसला नाही

खेळात जमैकानं जगाला जिंकल्यानंतर काय करायचं ते शिकवलं. 2008 मध्ये बीजिंगला उसेन बोल्टनं 100 मीटर 9.69 सेकंदांत संपवले आणि मग डान्सहॉलच्या स्टेप्स केल्या. त्यात 'गली क्रीपर' होती, नाल्याच्या वस्तीतून आलेली. जमैकाच्या धावपटूंना प्यूमा 2002 पासून कपडे पुरवत होती. कंपनीला केवळ वेगवान माणूस नव्हे, तर त्याच्यासोबत एक अख्खी पार्टी मिळाली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी प्यूमानं जमैकाचे कपडे मार्लेच्याच मुलीकडून, सेडेला मार्लेकडून, करून घेतले. भारतातही 'गली बॉय' येण्याआधीच प्यूमानं रॅपर्सना घेऊन 'स्वेड गली' ही मोहीम केली. गल्ली विकता येते, हे तिनं किंग्स्टनमध्येच शिकलेलं होतं.

ॲमस्टरडॅमच्या आयॅक्स क्लबची गोष्ट जास्त प्रेमळ आहे. 2008 मध्ये कार्डिफमधल्या एका मैत्रीपूर्ण सामन्यानंतर मार्लेचं 'थ्री लिटिल बर्ड्स' लागलं आणि आयॅक्सच्या चाहत्यांनी ते कायमचं उचललं. 2021-22 च्या मोसमात क्लबनं काळी जर्सी काढली, कडांना तीन रंग, मानेमागे तीन छोटे पक्षी. ती हातोहात खपली. युएफानं मात्र युरोपीय सामन्यांसाठी पक्षी काढायला लावले. नियमात बसत नाहीत म्हणे.

आपल्या जवळचा किस्सा 31 मार्च 2016 चा. वानखेडेवर टी-20 विश्वचषकाचा उपांत्य सामना. कोहली नाबाद 89, भारताच्या 192. लेंडल सिमन्सनं नाबाद 82 करून सामना घेतला आणि विंडीजचे खेळाडू ड्वेन ब्राव्होच्या 'चॅम्पियन' गाण्यावर नाचले. ब्राव्हो त्रिनिदादचा, गाण्याचा बाज सोकाकडे झुकलेला, पण नाचाची भाषा तीच. त्या वर्षी ही स्टेप आपल्या हळदीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, विसर्जनात सगळीकडे होती.

तीन दिवसांनी कोलकात्यात विंडीज अंतिम सामना जिंकली. कप्तान डॅरेन सॅमी बक्षीस समारंभात जे बोलला ते मात्र आपण विसरलो. मंडळाशी मानधनाचं भांडण झालेलं, संघ भारतात आला तेव्हा त्यांच्याकडे गणवेशसुद्धा नव्हते, व्यवस्थापकानं धावपळ करून ते मिळवले, हे त्यानं जगासमोर सांगितलं. ज्यांचा नाच त्या स्पर्धेचा सर्वांत विकाऊ भाग होता, त्यांच्याकडे घालायला कपडे नव्हते. कॅरिबियन संस्कृती आणि धंदा यांच्या नात्याबद्दल मला यापेक्षा नेमकं दृश्य माहीत नाही.

दोन गाणी

मुंबईच्या हिपहॉपनं जमैकाकडे थेट हात पुढे केला अशी दोन गाणी समोरासमोर ठेवू.

पहिलं एमीवे बंटाय आणि ख्रिस गेल यांचं 'जमैका टू इंडिया', एप्रिल 2021, आयपीएलच्या सुमारास आलेलं. गेलला मजा येतेय हे दिसतं, एमीवेचा वेग नेहमीसारखा. पण नावात प्रवास असूनही गाणं कुठे जात नाही. यातला जमैका म्हणजे गेलची प्रसिद्धी. तो किंग्स्टनच्या रोलिंग्टन टाऊनचा, ल्यूकस क्लबच्या मैदानावर घडलेला. त्या क्लबनं आपल्याला वाचवलं असं तो सांगत आलाय. एमीवेही कुणाच्या आधाराशिवाय स्वतःचं लेबल उभं करणारा. दोघांकडे सांगायला केवढं होतं! गाण्यात दोन ब्रँड एकमेकांना टाळी देतात आणि संपतं.

दुसरं डिवाईनचं 'मिरची', 2020. अंधेरीचा डिवाईन, धारावीचा एमसी अल्ताफ, फेनम आणि लंडनस्थित जमैकन गायक स्टायलो जी. ठेका सरळ डान्सहॉलचा. इथे पाहुणा शोभेला नाही. स्टायलो जी आपल्या पात्वा बोलीत येतो, मुंबईकर आपल्या हिंदीत, आणि कुणी कुणासाठी भाषा सोपी करत नाही. विषय फार खोल नाही, ठसका आणि फुशारकीच आहे. पण दोन रस्त्यांच्या बोली एकाच चालीवर बरोबरीनं उभ्या राहतात, आणि रिडीमचा अर्थ तोच. म्हणून मला 'मिरची' उजवं वाटतं. पहिल्या गाण्यात जमैकाचं पोस्टर आहे, दुसऱ्यात जमैकाचं माणूस आहे.

आमची साऊंड सिस्टीम

खरा वारसा मात्र या दोन्ही गाण्यांपेक्षा आमच्या जास्त जवळ आहे, आणि तो वळसा घालून आला. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाईव्ह कॅम्पबेल लहानपणीच न्यूयॉर्कला गेला आणि डीजे कूल हर्क झाला. 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्रॉन्क्समधल्या त्याच्या इमारतीत झालेली पार्टी हिपहॉपचा जन्म मानली जाते. त्याचे मोठे स्पीकर, गाण्यावर बोलण्याची पद्धत, दोन्ही जमैकन कल्पना. हिपहॉपमधून ब्रेकडान्स आणि क्रू. ती क्रूची कल्पना टीव्ही, सीडी आणि मग यूट्यूबवरून नालासोपारा-वसईच्या गच्च्यांवर उतरली.

सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांचा गट इथलाच. त्यांच्या गोष्टीवर 2015 मध्ये 'एबीसीडी 2' निघाला. 2019 मध्ये किंग्ज युनायटेडनं अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकून दहा लाख डॉलर मिळवले. भाईंदर-नायगाव पट्ट्यातल्या पोरांनी व्ही अनबीटेबल हे नाव सरावात जखमी होऊन गेलेल्या विकास या साथीदारासाठी घेतलं आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स' जिंकलं. यांच्यापैकी कुणी रेगेचं नाव घेत नाही. पण हातात काही नसताना दहा-वीस पोरांनी एकत्र येऊन स्वतःच्या शरीराची भिंत उभी करायची, वस्तीचं नाव मोठ्यानं घ्यायचं, ही पोर्टमोरचीच रीत आहे. सिनेमानं त्यांचं जिंकणं दाखवलं. सराव करायला जागा नसणं, पडल्यावर दवाखाना लांब असणं, हे तसंच राहिलं.

लिफ्टमधला माणूस

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं तिथे येतो. वसई पूर्व आणि नालासोपारा पूर्वेत बरीच वर्षं नायजेरियन आणि इतर आफ्रिकी देशांतली माणसं भाड्यानं राहतात. त्यांच्याबद्दल पेपरात येतं ते बहुतेक पोलीस कारवाईचं, अमली पदार्थांचं, संपलेल्या व्हिसाचं. त्या बातम्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. गुन्हा करणाऱ्यावर खटला व्हावा. पण त्या बातम्यांच्या आधारावर इथे प्रत्येक काळ्या माणसाशी जे वागलं जातं, ते मी रोज पाहतो. लिफ्टचं दार उघडतं, आत आफ्रिकी माणूस दिसतो आणि बाहेरचे दोघं म्हणतात, तुम्ही जा, आम्ही पुढच्यानं येतो. रिक्षावाला मीटरऐवजी तोंड पाहून भाडं सांगतो. एजंट फोनवरच विचारून घेतो, पार्टी कुठली आहे. त्यांना मागून मारल्या जाणाऱ्या हाका इथे लिहायची गरज नाही. लिफ्टबाहेर थांबलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर मार्ले असतो, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

मार्लेनं एप्रिल 1980 मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात स्वतःच्या खर्चानं जाऊन गायलं. रेगे आफ्रिकेत परत गेलं आणि तिथे रुजलं. नायजेरियाचा मायेक फाशेक, आयव्हरी कोस्टचा आल्फा ब्लाँडी, दक्षिण आफ्रिकेचा लकी ड्यूब हे तिथले मोठे लोक. आज तुमच्या रील्सवर वाजणाऱ्या अफ्रोबीट्समध्ये डान्सहॉल भरलेलं आहे. नायजेरियाचा पॅटोरँकिंग तर उघडच डान्सहॉल गातो. म्हणजे या संगीताबद्दल आपल्याला काही सांगू शकतील अशी माणसं शेजारच्या विंगमध्येच राहत असतील. आपण त्यांना विचारलेलं नाही.

रंगाचा प्रश्न फक्त आपला आहे असंही नाही. 2011 च्या सुमारास कार्टेल गोरा दिसू लागला आणि त्यानं केक सोप नावाच्या कपडे धुण्याच्या साबणाला श्रेय दिलं. पुढे स्वतःच्या नावाची सौंदर्यप्रसाधनंही बाजारात आणली. काळ्या संगीताचा सम्राट काळेपण विकून गोरेपण विकत घेत होता. जमैकात त्यावर मोठा वाद झाला. आपल्याकडे 1975 पासून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जायला 2020 उजाडलं, आणि लग्नाच्या बायोडेटातला 'गव्हाळ' अजून गेलेला नाही. आफ्रिकी शेजाऱ्याला पाहून आपण जे मागे सरतो, त्यात ही घरातली भीतीही आहे.

टीकाकार म्हणून मला कपड्यांवर, जर्सीवर, नाचावर बंदी नको आहे. संस्कृती अशीच फिरते, उसन्या मालावर, नकलांवर, चुकीच्या उच्चारांवर. सॉमरसेटच्या बुटांचं जमैकानं जे केलं, ते मार्लेच्या टी-शर्टचं वसईनं करावं, माझी हरकत नाही. पण जमैकनांनी बूट घेतले तेव्हा त्यात स्वतःचं काहीतरी घातलं. आपण अजून काही घातलेलं नाही, फक्त छापून घेतलंय.

घालता येईल असं बरंच आहे. नालासोपाऱ्याच्या गच्चीवर तयार झालेली स्टेप आहे, वसईच्या लग्नातला बँड आहे, डॉल्बीची भिंत आहे, चालीवर शब्द चढवण्याची शेकडो वर्षांची सवय आहे, आणि लागोसहून आलेले गाणारे शेजारी आहेत. पोर्टमोरमध्ये यापेक्षा जास्त सामान कधीच नव्हतं. एव्हरशाईन सिटीतून एखादं गाणं निघालं आणि त्यात एका कडव्यात मराठी, दुसऱ्यात त्या शेजाऱ्याची भाषा असेल, तर ते मी पहिल्या दिवशी ऐकीन. त्याआधी मात्र कुणीतरी लिफ्टमध्ये शिरून त्याला नाव विचारावं लागेल.